इंजिनाचा पिवळा दिवा: गाडीला धूर कळतो कसा?

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की काही जण 'इंजिन गेलं' म्हणून हाय खातात. काही जण बॅटरीची वायर काढून पुन्हा जोडतात आणि दिवा विझला म्हणून खूश होतात. हा दिवा मुळात धुराच्या कायद्यातून आलाय. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून मोटारींना ओबीडी-२ ही स्वयंतपासणी सक्तीची झाली. प्रदूषण मर्यादेच्या साधारण दीडपट वाढेल असा बिघाड दिसला की चालकाला कळवायचं, हा तिचा हेतू. म्हणून गाडी झकास पळत असतानाही दिवा लागतो. टाकीचं झाकण नीट बसलं नसेल तरी लागू शकतो, कारण तिथून पेट्रोलची वाफ निसटते.

पण गाडीला धूर कळतो कसा? ऑक्सिजन सेन्सरमुळे, आणि ही चीज माझ्या फार आवडीची. धुराच्या नळीत झिर्कोनियम ऑक्साइडची एक छोटी पोकळ टोपी बसवलेली असते, शिवणकाम करताना बोटात घालतात तशी. तिच्या आत बाहेरची हवा, बाहेर धूर आणि दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा पातळ थर. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर ही टोपी ऑक्सिजनचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, आरपार जाऊ देते. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, धुरात जेमतेम. त्यामुळे आयन धुराकडे सरकू पाहतात आणि दोन थरांमध्ये व्होल्टेज तयार होतं. नर्न्स्टच्या समीकरणाप्रमाणे ते दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या दाबांच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमवर ठरतं. एका किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा, या प्रमाणापाशी धुरातल्या ऑक्सिजनचा दाब कित्येक दशघातांनी कोसळतो. म्हणून व्होल्टेज हळूहळू चढत नाही, उडी मारतं: पेट्रोल किंचित जास्त झालं तर ०.९ व्होल्टच्या आसपास, हवा जास्त झाली तर ०.१. संगणक पेट्रोल कमी-जास्त करत राहतो आणि आकडा सतत वर-खाली नाचतो.

पुढे धुरातले घातक वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागतो. त्यातलं सिरियम ऑक्साइड जास्तीचा ऑक्सिजन धरून ठेवतं आणि कमी पडला की सोडतं. त्यामुळे त्याच्या मागे बसवलेल्या दुसऱ्या ऑक्सिजन सेन्सरचा आकडा जवळपास स्थिर हवा. तोही पुढच्यासारखाच नाचायला लागला, तर कन्व्हर्टरची साठवण संपत आली असा निष्कर्ष निघतो आणि पी०४२० हा कोड नोंदला जातो. बहुतेक बिघाडांत लागोपाठ दोन फेऱ्यांत तेच दिसलं तरच दिवा पेटतो.

कोड लक्षण सांगतो, कोणता भाग बदलायचा ते सांगत नाही. धुराची नळी फुटून बाहेरची हवा आत शिरली तरी सेन्सर फसतो. त्यामुळे कोड वाचताच महागडा कन्व्हर्टर बदलायला निघालेल्या मेकॅनिकला आधी नळी तपासायला लावा. गाडीच्या ओबीडी सॉकेटमध्ये (जिथून कोड वाचतात तिथे) खोचली की मायलेज वाढवणारी जादूची डबी विकणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं!

बॅटरी काढल्यावर बऱ्याच गाड्यांत कोड पुसला जातो. बिघाडाच्या क्षणी टिपलेला वेग, तापमान, इंजिनाचे फेरे हेही जातं. नेमकं तेच मेकॅनिकला हवं असतं.

दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सवडीनं स्कॅन केलं तरी चालतं. लुकलुकत असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाहीये. ते न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते. तेव्हा वेग उतरवा, गाडी सुरक्षित जागी थांबवा आणि इंजिन बंद करा.