एका बाईमागे २७ पुरुष, आणि त्याला म्हणे संस्कृती

१८९० च्या अमेरिकन जनगणनेतला एक आकडा बघितला की आधी छपाईची चूकच वाटते. देशात चिनी पुरुष एक लाखाच्या थोडे वर आणि चिनी बायका चार हजारसुद्धा नाहीत, म्हणजे एका बाईमागे साधारण २७ पुरुष. वर लोक त्यांनाच नावं ठेवायचे, की हे चिनी बघा, एकेका खोलीत दहा-दहा पुरुष कोंबून राहतात, यांना घरसंसाराची ओढच नाही, पैसे कमवायचे आणि परत जायचं एवढंच ठाऊक.

आता हे असं का झालं ते बघू. १८७५ मध्ये पेज अ‍ॅक्ट आला. कागदावर तो वेश्याव्यवसायासाठी आणलेल्या बायकांना रोखणारा होता, पण बंदरावरचे अधिकारी जवळजवळ प्रत्येक चिनी बाईकडे त्याच संशयाने बघायचे, त्यामुळे बायकांचं येणंच आटलं. मग १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांनाच दार बंद केलं, आणि जे आधीच आत होते त्यांनाही बायको बोलवायची सोय राहिली नाही. बरं, इथल्या गोऱ्या बाईशी लग्न करावं तर कॅलिफोर्नियात तेही बेकायदेशीर, आणि ती बंदी १९४८ ला कोर्टाने उठवेपर्यंत टिकली. सगळीकडून दारं लावून घ्यायची आणि मग म्हणायचं यांना संसार नको असतो, कमाल आहे खरंच.

यातून लोकांनी वाटा काढल्या त्याही भन्नाट. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत जन्माच्या नोंदी जळून गेल्या, मग कित्येकांनी सांगितलं की आमचा जन्म इथलाच, म्हणजे आम्ही नागरिक, आणि नागरिकाच्या मुलाला आत येता यायचं. त्यामुळे नात्यात नसलेली पोरं कागदावर मुलगा बनून येऊ लागली, त्यांना 'पेपर सन' म्हणायचे. काही घराण्यांत खोटं आडनाव पिढ्यान् पिढ्या तसंच चालत राहिलं.

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या इम्पिरियल व्हॅलीत पंजाबी शेतकऱ्यांचं वेगळंच. भारतासकट आशियातून येणाऱ्यांना रोखणाऱ्या १९१७ च्या कायद्यानंतर गावाकडून बायका आणणं अशक्य, गोऱ्या बाईशी लग्नाला मनाई. मग त्यांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली, कारण लग्नाचा परवाना देणाऱ्या क्लार्कच्या नजरेत दोघांचा रंग सारखाच दिसायचा! पोरांची नावं स्पॅनिश आणि आडनाव सिंग, घरात आईची भाषा आणि आईचाच धर्म, बाप मात्र शीख नाहीतर मुसलमान. हे कुटुंब कुठल्या संस्कृतीचं म्हणायचं?

हे सगळं सांगायचं कारण असं की वंश आणि कुटुंब म्हटलं की चर्चा लगेच "त्यांच्यात असंच असतं" यावर येऊन थांबते, आणि हे सगळ्यात जास्त ऐकावं लागलं ते कृष्णवर्णीय कुटुंबांना. गुलामगिरीत त्यांच्या लग्नाला कायदा लग्न मानतच नव्हता, मालक नवऱ्याला एकीकडे आणि बायकोला दुसरीकडे विकू शकायचा, आणि व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्यानुसार मूल गुलाम की स्वतंत्र हे आईवरून ठरायचं, बाप कोण याला किंमत शून्य. १८६५ ला गुलामगिरी संपल्यावर लोक वर्तमानपत्रात जाहिराती द्यायचे, माझी आई अमुक मालकाकडे होती, तिला तिकडे विकली, कुणाला माहीत असेल तर कळवा.

पुढे १९६५ मध्ये डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन या सरकारी अधिकाऱ्याचा रिपोर्ट गाजला. आई-वडिलांचं लग्न झालेलं नसताना जन्मलेल्या मुलांचं प्रमाण कृष्णवर्णीयांत तेव्हा साधारण २४ टक्के होतं, गोऱ्यांत ३ टक्के, आणि त्यावरून कुटुंबच कोलमडतंय असा सूर लागला. मॉयनिहनने बेकारी आणि गुलामगिरीबद्दलही लिहिलं होतं, पण लोकांनी उचललं ते कुटुंबाचंच. आज ते प्रमाण कृष्णवर्णीयांत ७० टक्क्यांच्या आसपास आहे, आणि गोऱ्यांत २८ च्या. म्हणजे ज्या आकड्यावर १९६५ ला देशभर गदारोळ झाला त्याच्या पुढे आता गोरे गेलेत, पण तेव्हासारखा गदारोळ कुठे दिसत नाही.

हर्बर्ट गटमन या इतिहासकाराने जुन्या नोंदी चाळून दाखवलं की गुलामगिरीनंतरच्या काळात बहुतेक कृष्णवर्णीय घरांत आई-बाप दोघंही होते. नंतरच्या संशोधकांनी म्हटलं की गोऱ्यांच्या तुलनेत फरक तेव्हाही होताच, त्यामुळे चित्र तितकं सरळ नाही. पण आत्ताची मोठी घसरण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, हे तर दिसतंच. विल्यम ज्युलियस विल्सन या समाजशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये साधा प्रश्न विचारला, कारखाने बंद पडले, पुरुषांना कामं नाहीत, मग मुलींनी लग्न करायचं कुणाशी? त्यात तुरुंगांची भर. २०१५ ला न्यूयॉर्क टाइम्सने हिशोब मांडला, तुरुंगाबाहेर असलेल्या २५ ते ५४ वयाच्या दर १०० कृष्णवर्णीय बायकांमागे पुरुष फक्त ८३. लवकर मेलेले आणि तुरुंगात असलेले, हीच ती तूट.

आणि 'बेजबाबदार बाप' हा जो शिक्का मारतात त्याचं काय? अमेरिकन सरकारच्या आरोग्य आकडेवारीच्या २०१३ च्या अहवालात पाच वर्षांखालच्या मुलांसोबत राहणाऱ्या बापांना विचारलं होतं की अंघोळ घालणं, कपडे, डायपर वगैरे रोज कोण करतं. रोज करणारे कृष्णवर्णीय बाप ७० टक्के, गोरे ६०, हिस्पॅनिक (म्हणजे मूळ स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतले) ४५. मुलासोबत एका घरात राहणारे बाप कमी आहेत हे खरं, पण जे राहतात ते हात झटकत नाहीत.

मला मात्र सगळ्यात विचारात पाडणारं वाटतं ते अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांचं २०१८ चं संशोधन. आई-बापांची कमाई सारखी आणि वस्तीही तीच, तरी मोठेपणी कृष्णवर्णीय मुलगा गोऱ्या मुलापेक्षा कमी कमावतो, आणि हे देशातल्या ९९ टक्के वस्त्यांत दिसतं. मुलींमध्ये हा फरक जवळजवळ नाहीच. शिवाय ज्या वस्तीत मुलांसोबत घरी राहणारे कृष्णवर्णीय बाप जास्त, तिथली कृष्णवर्णीय पोरं पुढे जातात, स्वतःचा बाप घरात असो नसो. म्हणजे मोजायचं ते घर की गल्ली?

बाकी, एकत्र कुटुंबाचं. प्यू रिसर्च या अमेरिकन सर्वेक्षण संस्थेच्या २०२१ च्या आकड्यांत दोन किंवा जास्त प्रौढ पिढ्या एका छताखाली राहणारे लोक कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक दोघांतही २६ टक्के, आशियाई २४, गोरे १३. यात पैशाची अडचण आहे, मुलं सांभाळायला आजी लागते हे आहे, आणि हो, सवय, आवडही आहेच, ते मी नाकारत नाहीये. पण १९७१ ला सगळ्या देशाचा मिळून आकडा ७ टक्के होता तो ५० वर्षांत १८ वर गेला, घरांच्या किमती वाढल्या, मुलं उशिरा बाहेर पडायला लागली, बाहेरून आलेल्यांची कुटुंबंही वाढली.

वंशावरून लग्नबंदी करणारे कायदे १९६७ ला सुप्रीम कोर्टाने मोडीत काढले, लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया खटल्यात. त्या वर्षी नव्या लग्नांपैकी ३ टक्के आंतरवंशीय होती, २०१५ ला १७. त्यांची पोरं कुठल्या रकान्यात टाकायची? २००० च्या आधी जनगणनेच्या फॉर्मवर एकाच वंशावर खूण करता यायची. २०१० ला एकाहून जास्त वंश सांगणारे ९० लाख होते, २०२० ला ३ कोटी ३८ लाख, आणि जनगणना खातं स्वतःच म्हणतं की ही वाढ बरीचशी प्रश्न विचारायची आणि उत्तरं नोंदवायची पद्धत बदलल्यामुळे दिसतेय.