कीड नसलेल्या दाताला पू का होतो? एक्सएलएच आणि दात घडवणाऱ्या पेशी

तीन-चार वर्षांचं मूल, पुढचा दुधाचा दात, त्याला कीड नाही, मूल कुठे पडलेलं नाही, आणि तरी हिरडीवर पुळी येऊन पू होतो. डेंटिस्ट अँटिबायोटिक देतात, दात काढतात, आईला चॉकलेटवरून दोन शब्द ऐकावे लागतात आणि सहा महिन्यांनी शेजारच्या दाताचं तेच. अशा मुलांपैकी काहींना एक्स-लिंक्ड हायपोफॉस्फेटेमिया, म्हणजे एक्सएलएच असतो. साधारण २०,००० जन्मांमागे एक असा हा आनुवंशिक आजार, यात किडनी फॉस्फेट, म्हणजे हाडं-दात कडक करणारं खनिज, धरून ठेवत नाही, ते लघवीतून वाहून जातं. पाय वाकतात, उंची खुंटते, म्हणून जगभर याच्याकडे हाडांचा आजार म्हणूनच बघितलं गेलं आणि दात कायम शेवटच्या ओळीत राहिले, याचं मला फार वाईट वाटतं. कारण या आजारात नेमकं काय बिघडतं ते दातात जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसत असेल.

एक्सएलएच हा मुडदुसाचाच, म्हणजे हाडं मऊ पडून वाकण्याच्या आजाराचाच, एक प्रकार. आणि खरं तर मुडदुसाच्या संशोधनात दात सुरुवातीलाच होते. १९१८ मध्ये लंडनच्या संशोधक मे मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिल्लांवर आहाराचे प्रयोग केले आणि दाखवलं की खाण्यात काही ठरावीक स्निग्ध पदार्थ नसले तर दात उशिरा येतात, नीट कडक होत नाहीत, डेंटिनमध्ये, म्हणजे दाताच्या आतल्या मुख्य कडक भागात, पोकळ जागा राहतात. त्यांचे पती एडवर्ड मेलनबी यांनी १९१९ मध्ये मुडदूस आणि कॉड लिव्हर ऑइलचं नातं मांडलं, पुढे व्हिटॅमिन डी सापडलं, आणि मग सगळ्यांना वाटलं की मुडदुसाचा प्रश्न सुटला, डी द्या आणि मोकळे व्हा.

पण काही मुलं डी देऊनही सुधरेनात. १९३७ मध्ये बोस्टनचे डॉक्टर फुलर ऑलब्राइट आणि त्यांचे सहकारी यांनी अशा एका मुलाची केस सविस्तर लिहिली, नेहमीच्या डोसला दाद न देणारा मुडदूस. मग डोस वाढवायचा, अजून वाढवायचा, असं चालू झालं आणि पुढची कित्येक वर्षं हाच उपचार राहिला. त्यात रक्तातलं कॅल्शियम वाढून किडन्या खराब व्हायचा धोका होता आणि ती किंमत काही पेशंटनी मोजलीसुद्धा.

१९५८ मध्ये रॉबर्ट विंटर्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातलं एक मोठं कुटुंब तपासलं. वाकडे पाय मोजत बसण्यापेक्षा त्यांनी प्रत्येकाच्या रक्तातलं फॉस्फेट मोजलं, आणि चित्र एकदम बदललं, कारण पाय सरळ असलेल्या काही बायकांचंही फॉस्फेट कमी निघालं. आजार असलेल्या वडिलांच्या सगळ्या मुलींमध्ये तो उतरतो, मुलग्यांमध्ये नाही, आणि वडिलांचा एक्स क्रोमोसोम फक्त मुलींनाच मिळतो, म्हणजे दोष एक्स क्रोमोसोमवर. एक साधी रक्ततपासणी, पण तिने आजाराची ओळखच बदलली.

त्यानंतर प्रश्न उरला की फॉस्फेट वाहून का जातं. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबच्या ‘हिप’ उंदरांची माहिती छापून आली, त्यांना जन्मतःच असाच आजार होता. सगळ्यांचा संशय किडनीवर होता. पण १९८९ मध्ये हिप उंदीर आणि निरोगी उंदीर यांचं रक्ताभिसरण जोडून बघितलं तर निरोगी उंदराचंही फॉस्फेट खाली आलं, आणि १९९२ मध्ये किडन्यांची अदलाबदल केली तेव्हा हिप उंदराची किडनी निरोगी शरीरात नीट चालली. म्हणजे किडनी बिचारी हुकूम पाळत होती, हुकूम रक्तातून येत होता. १९९५ मध्ये दोषी जीन सापडला, त्याला आज फेक्स म्हणतात. २००० मध्ये दुसऱ्याच एका आनुवंशिक मुडदुसाच्या शोधात एफजीएफ-२३ हे हॉर्मोन हाती लागलं आणि दोनेक वर्षांत कळलं की एक्सएलएचच्या, म्हणजे फेक्स बिघडलेल्या, बऱ्याच पेशंटमध्ये तेच वाढलेलं असतं. हाडातल्या पेशी ते सोडतात, किडनी त्याच्या सांगण्यावरून फॉस्फेट टाकून देते आणि वर व्हिटॅमिन डीचं सक्रिय रूपही कमी बनवते. ऑलब्राइटचा पेशंट डीला दाद का देत नव्हता त्याचं उत्तर असं साठेक वर्षांनी मिळालं.

आता दाताकडे या. दाताचा मुख्य भाग म्हणजे डेंटिन, आणि ते बनवतात ओडोंटोब्लास्ट नावाच्या पेशी. या पल्पच्या, म्हणजे दाताच्या आतल्या मऊ जिवंत गाभ्याच्या, कडेने रांगेत उभ्या असतात, आधी प्रोटीनचा मऊ थर टाकतात आणि मागे मागे सरकत जातात, त्या थरात खनिजाचे बारीक गोळे तयार होतात, ते वाढतात आणि खीर शिजताना साबुदाणा मिळून येतो तसे एकमेकांत मिसळून सलग कडक डेंटिन होतं. एक्सएलएचमध्ये गोळे बनतात पण मिळून येत नाहीत, मध्ये न घट्ट झालेल्या फटी राहतात. मे मेलनबींनी पिल्लांच्या दातात पाहिलेल्या पोकळ्या याच जातीच्या. शिवाय पल्पची पोकळी मोठी राहते, तिची टोकं वर पार इनॅमलपर्यंत, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक आवरणापर्यंत, पोचतात. इनॅमल वरून चांगलंच दिसतं, पण त्याला केसाएवढी चीर गेली किंवा चावून चावून ते थोडं झिजलं की तोंडातले बॅक्टेरिया त्या फटींतून थेट पल्पमध्ये. पल्प मरतो, मुळाशी पू होतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला कीड काही सापडत नाही.

बरीच वर्षं समज असा होता की रक्तात फॉस्फेट कमी म्हणून डेंटिन कच्चं, विषय संपला. पण फेक्सचं प्रोटीन कुठे असतं ते शोधल्यावर ते हाडाच्या पेशींबरोबर ओडोंटोब्लास्टमध्येही सापडलं, म्हणजे ज्या पेशी दात घडवतात त्यांच्यातच दोष बसलेला आहे. फेक्स एरवी ऑस्टिओपॉन्टिनसारख्या, खनिज जमण्याला ब्रेक लावणाऱ्या प्रोटीनचे तुकडे करतं. फेक्स चालत नसेल तर हा ब्रेक तिथेच साठून राहतो. त्यामुळे रक्तातलं फॉस्फेट वर आणलं तरी दाताच्या आतली अडचण पूर्ण सुटत नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी सांगितला जाणारा भाग हाच आहे.

त्यात हाड आणि दात यांच्यात एक मोठा फरक. हाड आयुष्यभर मोडतं आणि नव्याने बांधलं जातं, त्यामुळे उपचाराने वाकडे पाय काही प्रमाणात सरळ होऊ शकतात. डेंटिन मात्र एकदा बनलं की बदलत नाही. दुधाच्या दातांचं डेंटिन आईच्या पोटातच बनायला लागतं, आणि पहिल्या कायमच्या दाढेचं काम जन्माच्या आसपास सुरू होतं. आजार कळेपर्यंत मूल दीड-दोन वर्षांचं झालेलं असतं, तोवर दुधाच्या दातांचं बरंचसं होऊन गेलेलं असतं. १९७० च्या दशकात तोंडाने फॉस्फेट आणि पुढे सक्रिय व्हिटॅमिन डी असा उपचार रूढ झाला, आणि फ्रान्सच्या डेंटिस्ट-संशोधकांनी पेशंटचे दात मायक्रोस्कोपखाली बघून दाखवलं की लहानपणीच आणि सलग उपचार मिळालेल्यांच्या कायमच्या दातांचं डेंटिन बरंच चांगलं असतं. घरात कुणाला आजार असेल तर बाळाची तपासणी पहिल्या काही महिन्यांत व्हायला हवी असं तज्ज्ञ सांगतात, त्याचं एक कारण हेसुद्धा आहे.

२०१८ मध्ये युरोप आणि अमेरिकेत बुरोसुमॅबला मान्यता मिळाली, हे इंजेक्शन एफजीएफ-२३ लाच अडवतं. २०१९ मध्ये ६१ मुलांच्या ट्रायलचे निकाल आले, त्यात पायांची सुधारणा जुन्या उपचारापेक्षा सरस होती पण दाताला पू होण्याच्या तक्रारी बुरोसुमॅबच्या गटात जास्त नोंदल्या गेल्या. नंतरच्या काही रिपोर्टमध्ये उलट, त्या कमी झाल्याचंही दिसलं. म्हणून औषध कुठलंही चालू असो, दर सहा महिन्यांनी दात तपासणं, दाढ वर आली की लगेच तिच्या खाचा सीलंटने बुजवणं हे चालूच ठेवावं लागतं. आणि कीड नसताना दुसऱ्यांदा हिरडीला पू झाला तर डेंटिस्टनी मुलाचे पाय आणि उंची बघून सीरम फॉस्फरस, म्हणजे रक्तातल्या फॉस्फेटची तपासणी, तेही वयाप्रमाणे नॉर्मल धरून, लिहून द्यावं.