गजाची राळ आणि गिअरबॉक्सचं तेल

काकांची जुनी ऑटोमॅटिक गाडी साठच्या वेगाला पोचली की थरथरायला लागायची. ॲक्सिलरेटरवर पाय हलका ठेवला की जास्तच. रस्ता गुळगुळीत, पण बसणाऱ्याला वाटावं खाली रंबलर आहेत. मेकॅनिकने सांगितलं, "काका, गिअरच्या तेलात ही बाटली ओता, घर्षण कमी होईल." त्यावर काकू म्हणाल्या, "अहो, तेल असतंच घर्षण कमी करायला. मग तेलात आणखी काय ओतायचं?"

प्रश्न रास्त आहे, आणि गोम त्यातच आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधल्या त्या लालसर तेलाकडे एकाच वेळी दोन उलटी कामं असतात. दातेरी चक्रं आणि बेअरिंगं झिजू द्यायची नाहीत, हे पहिलं. दुसरं, आतले क्लच तेलात बुडालेले असूनही त्यांनी एकमेकांना धरलं पाहिजे. या क्लचमध्ये पोलादी चकत्यांच्या मधे अस्तर लावलेल्या चकत्या असतात, आणि ते अस्तर बहुधा चक्क कागदी असतं: राळेने घट्ट केलेला, सच्छिद्र, तेल पिणारा कागद. तेल नुसतंच निसरडं असेल तर क्लच घसरेल, गाडी हलायचीच नाही. म्हणजे घर्षण हवं आहे, पण कोणत्या वेगाला किती, हे ठरवून हवं आहे.

आता थोडं सारंगीकडे जाऊ. वादक गजाला राळ लावतो. राळेचा गुण असा की थांबलेल्या तारेला ती घट्ट धरते आणि तार एकदा सरकायला लागली की पकड सैल करते. तार गजाबरोबर ओढली जाते, ताण वाढतो, ती सटकते, मागे येते, पुन्हा पकडली जाते. सेकंदाला शेकडो वेळा हे झालं की सूर उमटतो. फळ्यावर खडू किंचाळतो तेही याच कारणाने.

काकांची गाडी नेमकी हेच वाजवत होती. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. तेलात समोरासमोर फिरणारे दोन पंखे, असं ढोबळ चित्र डोळ्यांसमोर आणा. एक पंखा तेल फेकतो, दुसरा त्याने फिरतो. यात थोडी ऊर्जा वाया जाते, म्हणून गाडी वेगात आली की आतला एक क्लच दोघांना जोडतो. नव्या गाड्यांत तर इंजिनाचे हादरे पुढे जाऊ नयेत म्हणून तो पुरता न जोडता मुद्दाम किंचित घसरता ठेवतात, मिनिटाला पन्नासेक फेऱ्यांच्या फरकाने. या मंद घसरणीतच सगळं नाटक आहे.

समजा, घसरण्याचा वेग वाढताना घर्षण कमी होत असेल. चकती क्षणभर मंदावली की पकड वाढते, म्हणून ती आणखी मंदावते. पुढचे दांडे स्प्रिंगसारखे पिळले जातात, मग झटका बसतो, चकती सुटते, वेग वाढतो, पकड आणखी ढिली. प्रत्येक फेरीत थरथरीला खतपाणी मिळतं. आता उलट समजा: वेग वाढला की घर्षणही थोडं वाढतं. मग चकती मंदावली तर पकड सुटते, धावली तर पकड आवरते. थरथर आपोआप विझते. घर्षणांक म्यू आणि वेग व्ही यांचा आलेख काढला तर त्याचा चढ, म्हणजे डी-म्यू बाय डी-व्ही, धन हवा. तो ऋण झाला तर गणितात तो उणे अवमंदनासारखा वागतो (अवमंदन म्हणजे कंपनं विझवणारा गुण; उणे झालं की ते कंपनं वाढवतं), आणि गाडीतलं बाकीचं अवमंदन त्याला पुरून उरलं नाही तर कंपनं घातांकी वाढतात. (हे वाक्य सोडून दिलंत तरी चालेल, मला मात्र ते फार आवडतं.)

हा चढ धन करणारी रसायनं म्हणजे फ्रिक्शन मॉडिफायर. स्टिअरिक किंवा ओलेइक आम्लासारखे, किंवा त्यांच्या अमाइड-अमाइन भावंडांसारखे रेणू. ध्रुवीय डोकं धातूला चिकटतं आणि अठरा कार्बनांची शेपटी बाहेर राहते. पोलादावर दोनेक नॅनोमीटर जाडीची मखमल तयार होते. मंद गतीत मधलं तेल पिळून निघतं आणि मखमलीवर मखमल सरकते, म्हणून तिथे घर्षण कमी. वेग वाढला की हा परिणाम ओसरतो आणि घर्षण चढतं. अशा रेणुथरांच्या वंगणाला 'सीमा वंगण' हे नाव १९२२ साली हार्डी आणि डबलडे यांनी दिलं.

एके काळी अमेरिकेत या कामाला स्पर्म व्हेलचं तेल वापरत. १९७० मध्ये तो देवमासा तिथे संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत गेला आणि रसायनशास्त्रज्ञांची पर्यायासाठी धावपळ झाली. तशाच प्रकारचे मेणासारखे एस्टर देणारं एक झुडूप निघालं, होहोबा. आपल्याकडे राजस्थानात त्याची लागवड होते.

मग ती बाटली? उष्णतेने हे रेणू हळूहळू बिघडतात, आणि तेवढंच कारण असेल तर बाटलीने थरथर खरंच थांबू शकते. पण धातूच्या पृष्ठभागावर जागा मर्यादित असते, आणि झीजरोधक व मळ धुणारी रसायनंही तिथेच बसायला भांडतात. डोस जास्त झाला तर पकडच जाते आणि कागद जळतो. आधीच जळलेल्या कागदाला कोणतीही बाटली जिवंत करत नाही. इंजिन, गिअर, स्टिअरिंग सगळ्यांना चालणारं 'नॅनो' औषध विकणाऱ्याला मी इंधनाच्या नळीला चुंबक बांधणाऱ्यांच्याच रांगेत उभा करतो.

मोटरसायकलवाल्यांना हे वेगळ्या वाटेने माहीत असतं. तिथे बहुतेक क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो, म्हणून डब्यावर 'जासो एमए' (तेलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या तेलाची जपानी मानक खूण) बघायचं. कारसाठीचं जास्त निसरडं तेल घातलं तर क्लच घसरू शकतो.

काकांनी शेवटी पुस्तिकेत सांगितलेलंच तेल भरलं. पहिल्यांदा जेमतेम निम्मं निघालं, कारण उरलेलं कन्व्हर्टरमध्येच अडकून राहतं. थरथर कमी झाली, गेली नाही. महिन्याने पुन्हा बदललं, तेव्हा गेली. बाटली अजून डिकीत आहे, सील न फोडलेली.