गोळी की बाटली? टकलावरची दोन औषधं आणि पाच वर्षांनंतरचा हिशेब

पुण्यात कुठल्याही मेडिकलमध्ये जाऊन ‘केसांचं ते औषध द्या’ म्हटलं की समोरून प्रश्न येतो, ‘गोळी की लावायचं?’ बरेच जण इथेच अडखळतात. मित्राने एक नाव सांगितलेलं असतं, ते अर्धवट लक्षात असतं, आणि दोन्ही नावं मनात ‘केस येतात’ या एकाच खात्यावर जमा झालेली असतात. गोळी म्हणजे फिनास्टराइड, लावायचं म्हणजे मिनॉक्सिडिल. दोन्ही पुरुषी टकलावरची, दोन्ही अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, मान्य केलेली, आणि दोन्ही थांबवली की परिणामही ओसरतो. साम्य साधारण इथे संपतं. पहिल्या वर्षी हा फरक फारसा जाणवत नाही, पाचव्या वर्षी मात्र तो आरशात दिसतो.

आधी टकलाचं कारण. वाकड-हिंजवडीकडचे लोक टँकरच्या पाण्याला दोष देतात, पेठांतले हेल्मेटला. हेल्मेटसक्तीची चर्चा पुण्यात जेव्हा जेव्हा पेटते, तेव्हा केसगळतीचा मुद्दा हमखास निघतो. जड पाण्याने केस राठ होतील, तुटतील, मान्य. पण कपाळ दोन्ही कोपऱ्यांतून मागे सरकतं, भोवरा विरळ होतो आणि कानांच्या वरची झालर मात्र शाबूत राहते, ही ठरावीक नक्षी पाण्याने किंवा हेल्मेटने पडत नाही. शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनपासून फाइव्ह-अल्फा रिडक्टेज नावाचं विकर (एन्झाइम) डीएचटी हे संप्रेरक तयार करतं. ज्यांच्यात ती आनुवंशिकता आहे, त्यांच्या कपाळावरच्या आणि भोवऱ्याजवळच्या केसांच्या मुळांना हे डीएचटी सोसत नाही. मूळ एकदम मरत नाही, ते आकसत जातं. दर वेळी येणारा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड असतो, शेवटी नुसती लव उरते. झालरीतल्या मुळांना डीएचटीचं काही वाटत नाही, म्हणून आजोबांच्या डोक्यावरही ती टिकून असते.

फिनास्टराइडचा जन्म याच साखळीत आहे, आणि त्याची गोष्ट मला औषधांच्या इतिहासातली फार सुरेख गोष्ट वाटते. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास नावाच्या गावात काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना मुलगे होत. संशोधक ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. या मुलांमध्ये ते विकर जन्मतःच कमी होतं, त्यामुळे डीएचटी नीट बनत नव्हतं. मोठेपणी त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहानच राहायची आणि कपाळावरचे केसही मागे सरकायचे नाहीत. हेच विकर औषधाने दाबलं तर? मर्क कंपनीने त्यातून फिनास्टराइड काढलं. १९९२ मध्ये ५ मिलिग्रॅमची गोळी वाढलेल्या प्रोस्टेटसाठी आली, १९९७ मध्ये १ मिलिग्रॅमची केसांसाठी. रोजच्या एका गोळीने रक्तातलं डीएचटी साधारण ७० टक्क्यांनी खाली येतं.

मिनॉक्सिडिल आलं योगायोगाने. ती मूळची रक्तदाबाची गोळी, १९७९ मध्ये बाजारात आलेली. रुग्णांचा रक्तदाब उतरला, पण कपाळावर, गालांवर, हातांवर केस उगवू लागले. मग तेच औषध द्रावणात घालून डोक्याला लावायची कल्पना निघाली. २ टक्के द्रावणाला अमेरिकेत १९८८ मध्ये मान्यता मिळाली, पुरुषांसाठीचं ५ टक्केवालं १९९७ मध्ये आलं. डीएचटीशी त्याचा काही संबंध नाही. विश्रांती घेत असलेल्या मुळाला ते लवकर उठवतं आणि वाढीचा काळ लांबवतं. त्यासाठी आधी टाळूतल्याच एका विकराने मिनॉक्सिडिलचं रूपांतर व्हावं लागतं. हे विकर सगळ्यांमध्ये सारखं नसतं, म्हणून एकाच खोलीत राहणाऱ्या दोघांनी एकच बाटली वापरली तरी एकाचे केस येतात आणि दुसरा नुसतं तेलकट कपाळ घेऊन फिरतो.

सोसायटीची टाकी गळकी असेल तर दोन उपाय असतात, गळती कमी करा किंवा वरून टँकर ओतत राहा. फिनास्टराइड पहिलं काम करतं, मिनॉक्सिडिल दुसरं. पहिल्या वर्षी दोन्ही टाक्यांमधली पातळी वर गेलेली दिसते. पण गळतीकडे कुणी बघितलंच नसेल, तर पुढे टँकर कमी पडू लागतो.

आता आकडे. फिनास्टराइडची मोठी चाचणी १८ ते ४१ वयाच्या १,५५३ पुरुषांवर झाली आणि त्यातल्या बऱ्याच जणांवर पुढे पाच वर्षांपर्यंत लक्ष ठेवलं गेलं. भोवऱ्याजवळच्या एक इंच व्यासाच्या वर्तुळातले केस मोजले, सुरुवातीला ते सरासरी ८७६ होते. खरी गोळी घेणारे आणि खोटी, म्हणजे औषध नसलेली गोळी घेणारे यांच्यातलं अंतर एका वर्षाने १०७ केसांचं होतं, दोन वर्षांनी १३८ आणि पाच वर्षांनी २७७.

गंमत याच्या पुढे आहे. खरी गोळी घेणाऱ्यांचे केस पहिल्या दोन वर्षांत सर्वांत जास्त वाढले आणि नंतर हळूहळू कमी होऊ लागले. पाचव्या वर्षीही ते मूळ आकड्याच्या वरच होते, पण शिखरावरून उतरलेले होते. मग अंतर वाढलं कसं? कारण खोटी गोळी घेणाऱ्यांचे केस त्याहून कितीतरी वेगाने गेले. त्यांना त्यांची घसरण दिसत होती. खरी गोळी घेणाऱ्या माणसाला फक्त स्वतःचे दुसऱ्या वर्षीचे फोटो दिसतात. तो म्हणतो, ‘औषधाची सवय झाली, आता लागू पडत नाही.’ औषध न घेता त्याचं डोकं पाचव्या वर्षी कसं दिसलं असतं, याचा फोटो जगात कुठेच नसतो. फिनास्टराइड सोडणाऱ्यांपैकी पुष्कळ जण या न काढलेल्या फोटोपायी सोडतात, असं माझं मत आहे.

फोटो बघून तज्ज्ञांनी केलेलं मूल्यमापनही हेच सांगतं. पाच वर्षांनंतर खरी गोळी घेणाऱ्यांपैकी ४८ टक्क्यांचे केस आधीपेक्षा चांगले दिसले, आणखी ४२ टक्क्यांचे होते तसेच राहिले. खोट्या गोळीवर हे आकडे ६ आणि १९ टक्के होते, म्हणजे उरलेल्या तीन चतुर्थांश लोकांचं टक्कल वाढलं. ‘होते तसेच राहिले’ हा निकाल जाहिरातीत कुणी छापत नाही. पण पंचविशीत टक्कल सुरू झालेल्या मुलाने तिशीत तसंच असणं, हे मोठं यश आहे.

मिनॉक्सिडिलकडे इतका भक्कम दीर्घकाळचा पुरावा नाही. पाच वर्षांपर्यंतचा एक अभ्यास आहे, पण अगदी थोड्या पुरुषांवरचा. त्यात केसांची संख्या साधारण एका वर्षाने शिखरावर पोहोचली आणि नंतर हळूहळू उतरत गेली, तरी शेवटी सुरुवातीपेक्षा जास्तच होती. वरवर पाहता ही फिनास्टराइडचीच कहाणी वाटते. फरक कारणात आहे. मिनॉक्सिडिल लावत असतानाही डीएचटी आपलं काम करत असतं, मुळं आकसतच राहतात, आणि आकसत चाललेल्या मुळाला उठवून फारसं काही हाती लागत नाही. दुसरं कारण घरगुती आहे. दिवसातून दोनदा १ मिली द्रावण, टाळूवर, केसांवर नाही, आणि निदान चार तास धुवायचं नाही. सकाळी आठची कॅब पकडणारा माणूस हे पाच वर्षं करेल? सहा महिन्यांनी दोनदाचं एकदा होतं, मग दिवसाआड, मग ‘औषधाचा उपयोग नाही’. ज्यांना द्रावणाने खाज सुटते त्यांच्या बाबतीत दोष बहुधा त्यातल्या प्रोपिलीन ग्लायकॉल या द्रावकाचा असतो. फोममध्ये ते नसतं.

बंद केल्यावर दोन्ही औषधं आपापला हिशेब चुकता करून घेतात, पण वेग वेगळा असतो. मिनॉक्सिडिलने आलेले केस तीन-चार महिन्यांतच गळायला लागतात. एका अभ्यासात दोन वर्षांच्या जवळपास वापरानंतर ते थांबवलं, तर सहा महिन्यांच्या आत केसांचं वजन औषध न लावणाऱ्यांच्या पातळीला आलं. लोक म्हणतात, ‘सोडल्यावर आधीपेक्षा जास्त गेले.’ खरं तर मधल्या दोन वर्षांत जे जायचे होते तेही आता एकदम गेले, म्हणून तसं वाटतं. फिनास्टराइडचा फायदा वर्षभरात ओसरतो. लग्नाचं बघायला लागले की औषध सुरू आणि अक्षता पडल्या की बंद, हा आपल्याकडचा प्रकार म्हणूनच फसतो. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाच्या फोटोत सगळं दिसतं.

मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांत उलट जास्त केस गळू शकतात. विश्रांतीतले जुने केस नव्यांसाठी जागा करत असतात, आणि नेमकं तेव्हाच घाबरून बाटली फेकली जाते.

याच्या उलटंही घडतं. पावसाळ्यात डेंगी होतो, दोन-तीन महिन्यांनी उशीवर केसांचा पुंजका दिसू लागतो, माणूस धावत जाऊन बाटली आणतो आणि काही महिन्यांत डोकं भरतं. श्रेय बाटलीला. तापानंतरची ही गळती मुळात पुरुषी टक्कल नसतेच. ती सगळ्या डोक्यावर सारखी होते आणि बहुतेकांची आपोआप थांबते. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये अर्धपोटी राहून एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलांचीही पुष्कळ गळती या जातीची असते. अशा मुलाने ‘मला मिनॉक्सिडिलने फरक पडला’ म्हटलं की शेजारच्या खुर्चीवरचा, खरोखर टक्कल पडत असलेला मुलगा तेच घेतो आणि वर्षभराने निराश होतो. म्हणून आधी त्वचारोगतज्ज्ञांना डोकं दाखवावं.

गोंधळात भर घालणारी आणखी एक गोष्ट मेडिकलमध्ये मिळते, नावापुढे ‘एफ’ लावलेली बाटली. तिच्यात मिनॉक्सिडिलबरोबर थोडं फिनास्टराइडही असतं. साधी बाटली संपली म्हणून ‘तीच द्या, एफवाली चालेल’ असं म्हणणं म्हणजे नवीन औषध सुरू करणं. टाळूवर लावलेलं फिनास्टराइडही काही प्रमाणात रक्तात जातं. घरात कुणी गरोदर असेल तर तिचा या द्रावणाला किंवा फुटलेल्या गोळीला हात लागता कामा नये, कारण मुलगा असेल तर गर्भाच्या जननेंद्रियांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. मांजर पाळणाऱ्यांनी मिनॉक्सिडिल लावलेला हात तिच्यापासून दूर ठेवावा. मांजरांना ते घातक असतं.

गोळीच्या दुष्परिणामांबद्दल कुजबुज फार आणि माहिती कमी. चाचण्यांत पहिल्या वर्षी लैंगिक तक्रारी ३.८ टक्के पुरुषांनी सांगितल्या, खोट्या गोळीवर २.१ टक्क्यांनी. म्हणजे बहुतेकांना काही होत नाही. पण गोळी बंद केल्यावरही तक्रारी राहिल्याच्या नोंदी आहेत आणि अमेरिकेत २०१२ मध्ये त्या माहितीपत्रकात घातल्या गेल्या. २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने आत्महत्येचे विचार हा फिनास्टराइडच्या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. आधी नैराश्य येऊन गेलं असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नये, आणि गोळीवर असताना मन खचायला लागलं तर ती थांबवून लगेच त्यांना भेटावं. मूल हवं असेल तेव्हाही विचारावं. काहींची वीर्यतपासणी बिघडल्याच्या आणि गोळी थांबवल्यावर सुधारल्याच्या नोंदी आहेत.

मग कोणतं घ्यायचं? टक्कल तरुणपणी सुरू झालं असेल आणि नजर दहा वर्षांवर असेल, तर माझ्या मते पाया गोळीचा हवा आणि मिनॉक्सिडिल वरची भर. दोन्ही एकत्र घेतल्यास कुठल्याही एकापेक्षा निकाल चांगला येतो, हे तुलनात्मक चाचण्यांत दिसलेलं आहे. गोळी नकोच असेल तर नुसतं मिनॉक्सिडिल घेण्यात चूक काही नाही, फक्त आपण काही वर्षं विकत घेतोय हे माहीत असावं. केसरोपण केलं तरी यातून सुटका नाही. लावलेले केस झालरीतले असल्यामुळे टिकतात, त्यांच्या आजूबाजूचे जुने केस मात्र जातच राहतात.

जपानमध्ये ५३२ पुरुषांना दहा वर्षं फिनास्टराइड दिल्याचा अभ्यास आहे. त्यात जवळपास सगळ्यांचं टक्कल सुधारलं किंवा थांबलं. तिथे तुलनेला खोट्या गोळीचा गट नव्हता, आणि दहा वर्षं टिकून राहिलेले रुग्ण बहुधा तेच असतात ज्यांना गुण येतो. तेव्हा हा आकडा थोडा हात राखून वाचलेला बरा.

एवढी वर्षं गोळी घेणाऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते. प्रोस्टेटच्या आजाराची शंका घेण्यासाठी रक्तातलं पीएसए नावाचं प्रथिन तपासतात (ते वाढलेलं असेल तर शंका येते), ते फिनास्टराइडमुळे साधारण निम्म्यावर येतं. पन्नाशीनंतरच्या तपासणीत आकडा छान दिसतो आणि कुणाला शंका येत नाही. गोळी चालू असल्याचं डॉक्टरांना माहीत असेल, तर ते आकडा दुप्पट धरून वाचतात.