अँपरसँड की कोलन? ओरॅकलच्या क्वेरीत व्हॅल्यू भरताना

ओरॅकल या डेटाबेसवर रिपोर्ट बनवणाऱ्याला क्वेरीत, म्हणजे डेटा मागणाऱ्या वाक्यात, बाहेरून व्हॅल्यू घ्यायची तर दोन खुणा हाताशी असतात: & आणि :. वापरणाऱ्याला दोन्हींत काही फरक दिसत नाही. डिपार्टमेंट नंबर विचारला, १० टाकलं, रिपोर्ट आला. म्हणून पुष्कळ जण दोन्ही एकच समजतात आणि & लावून मोकळे होतात. ते निभावतंही, आडनावाच्या चौकटीत कुणी डी'सोझा टाकेपर्यंत.

गोव्यात आणि वसईत हे आडनाव घरोघरी आहे आणि त्यात अपॉस्ट्रॉफी असते. क्वेरीत 'आडनाव = '&नाव'' असं लिहिलं असेल, तर डी नंतरच्या अपॉस्ट्रॉफीपाशीच ओरॅकलच्या दृष्टीने स्ट्रिंग (अवतरणचिन्हांतला मजकूर) संपते. सोझा उघडा पडतो, शेवटच्या चिन्हाने नवी स्ट्रिंग सुरू होते आणि ती बंदच होत नाही. हाती येते ओआरए-०१७५६, म्हणजे स्ट्रिंग नीट बंद न झाल्याची एरर. तिथे :नाव असतं तर काहीही झालं नसतं.

असं का, हे कळलं की बाकी सगळं आपोआप उलगडतं. & हे काम डेटाबेसचं नाहीच. एसक्यूएल प्लस हा क्वेरी चालवायचा प्रोग्राम तुम्ही टाकलेली अक्षरं क्वेरीच्या मजकुरात चिकटवतो आणि मग तयार मजकूर पुढे पाठवतो. डेटाबेसला & कधी दिसतच नाही. 'सेट व्हेरिफाय ऑन' करून बघा, जुनी ओळ आणि भरलेली ओळ एकाखाली एक छापून येतात. कोलनचं उलटं आहे. क्वेरी कोलनसकट डेटाबेसकडे जाते, तिचा अर्थ आधी लावला जातो, आणि व्हॅल्यू वेगळी येऊन त्या जागी बसते. तोवर वाक्याची रचना ठरलेली असते. आत काहीही आलं तरी ते व्हॅल्यूच राहतं, क्वेरीचा भाग होत नाही.

पगाराच्या रिपोर्टमध्ये हा फरक फार महागात पडू शकतो. 'एम्प्लॉयी नंबर = &नंबर' असेल आणि कुणी '१०१ ऑर १=१' टाकलं, तर सगळ्या कंपनीचे पगार त्याच्या स्क्रीनवर येतील, कारण १=१ ही अट नेहमीच खरी असते. कोलन असेल तर फक्त एरर येईल.

तारखेचा घोळ तर आर्थिक वर्ष सुरू झालं की हमखास होतो. अवतरणचिन्हं न देता & लिहिलं आणि ०१-०४-२०२४ टाकलं, की ओरॅकल ती वजाबाकी समजतं: १ वजा ४ वजा २०२४, म्हणजे उणे २०२७. मग तारखेची तुलना आकड्याशी होते आणि ओआरए-००९३२, म्हणजे डेटाचे प्रकार न जुळल्याची एरर येते. कोलन घ्या आणि टू_डेट या मजकुराची तारीख करणाऱ्या फंक्शनमध्ये फॉरमॅट स्वतः लिहा.

वेगाचा मुद्दाही आहे. पाचशे जणांच्या पगारपत्रिका एकेक करून काढायच्या तर & मुळे पाचशे वेगळे मजकूर तयार होतात आणि प्रत्येकाचं हार्ड पार्स होतं, म्हणजे अर्थ आणि चालवायचा प्लॅन नव्याने ठरवावा लागतो. कोलनमुळे मजकूर एकच राहतो आणि शेअर्ड पूल या मेमरीतली तीच क्वेरी पुन्हा वापरली जाते. मात्र महिन्यातून एकदाच चालणाऱ्या मोठ्या रिपोर्टला हा फायदा जवळजवळ नसतो. उलट डेटा असमान पसरलेला असेल तर खरी व्हॅल्यू समोर दिसल्यावर ऑप्टिमायझर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) कधी कधी चांगला प्लॅन निवडतो. कोलनसाठी ही उणीव भरून काढायला ओरॅकलच्या ९आय आवृत्तीत बाइंड पीकिंग (आलेली व्हॅल्यू बघून प्लॅन ठरवणं) आलं आणि ११जी मध्ये अ‍ॅडॅप्टिव्ह कर्सर शेअरिंग (व्हॅल्यूनुसार वेगळे प्लॅन ठेवणं).

तरी & टाकून देता येत नाही. टेबलाचं किंवा कॉलमचं नाव कोलनमध्ये देताच येत नाही. 'ऑर्डर बाय :कॉलम' लिहून २ दिलं तर एररही येत नाही आणि दुसऱ्या कॉलमवर सॉर्टिंगही होत नाही, कारण ओरॅकलच्या लेखी तो नुसता एक स्थिर आकडा असतो. ही चूक मला सगळ्यांत वाईट वाटते, कारण रिपोर्ट बरोबर आल्यासारखा दिसतो. 'इन' च्या कंसात एका कोलनमध्ये '१०,२०,३०' दिलं तर ओरॅकल ती अख्खी एकच व्हॅल्यू धरतं, आणि कॉलम नंबरचा असेल तर ओआरए-०१७२२, म्हणजे आकडा वैध नसल्याची एरर येते.

ओरॅकल रिपोर्ट्स या रिपोर्ट बनवायच्या साधनात & ला लेक्सिकल पॅरामीटर म्हणतात, आणि तिथे दोघांची जोडी छान जमते. आफ्टर पॅरामीटर फॉर्म ट्रिगरमध्ये, म्हणजे वापरणाऱ्याने फॉर्म भरल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये, आपण कंडिशनचा मजकूर तयार करायचा. वापरणाऱ्याने डिपार्टमेंट दिलं असेल तर पी_व्हेअर या पॅरामीटरमध्ये 'व्हेअर डेप्टनो = :पी_डेप्टनो' हे वाक्य भरायचं, नसेल तर ते रिकामं ठेवायचं. क्वेरीत &पी_व्हेअर राहतं. म्हणजे & मधून फक्त आपण लिहिलेला मजकूर जातो आणि वापरणाऱ्याने टाकलेलं सगळं कोलनमधून. बीआय पब्लिशर या ओरॅकलच्याच दुसऱ्या रिपोर्ट-साधनाच्या डेटा टेम्प्लेटमध्येही हीच रीत चालते.

जुना रिपोर्ट हाती आला की मी आधी क्वेरीतले & शोधते आणि प्रत्येकाचा मजकूर कोण लिहितं ते बघते. तो पॅरामीटर फॉर्मवरून थेट येत असेल, तर तो रिपोर्ट दुरुस्त केल्याशिवाय मी पुढे पाठवत नाही.