हज सुविधा व्यवस्था (भारत)

भारतातून हजला जाणाऱ्या मुस्लिम यात्रेकरूंचे अर्ज, निवड, प्रवास, निवास, आरोग्य आणि तक्रारी यांची काळजी घेणारी शासकीय यंत्रणा व तिची संगणकीय साधने. या यंत्रणेचे केंद्र म्हणजे भारतीय हज समिती. २००२ च्या हज समिती कायद्याने तिला आजचे वैधानिक रूप मिळाले असून मुख्यालय मुंबईत, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळच्या हज हाउसमध्ये आहे. समितीवर देखरेख पूर्वी परराष्ट्र मंत्रालयाची होती. २०१६ च्या ऑक्टोबरपासून ती अल्पसंख्याक व्यवहार मंत्रालयाकडे आली. राज्याराज्यांत स्वतंत्र हज समित्या असून प्रशिक्षण शिबिरे आणि स्थानिक पातळीवरची कामे त्या पाहतात.

हजचे मुख्य विधी जिल्हिज्ज या इस्लामी वर्षाच्या शेवटच्या महिन्याच्या ८ ते १२ किंवा १३ तारखेपर्यंत चालतात. मक्केजवळच्या मीना, अराफात, मुझदलिफा आणि पुन्हा मीना असा हा क्रम असतो. जगभरातून आलेली लाखो माणसे या ठिकाणी एकाच दिवशी, एकाच दिशेने निघतात. म्हणून देशोदेशी संख्या ठरवून द्यावी लागते. दर दहा लाख मुस्लिम लोकसंख्येमागे एक हजार यात्रेकरू हे त्याचे स्थूल प्रमाण आहे. २०२४ साठी भारताचा वाटा १,७५,०२५ होता. कोरोनामुळे २०२० व २०२१ मध्ये परदेशातून येणाऱ्या यात्रेकरूंना प्रवेशच नव्हता. २०२२ मध्ये भारताला ७९,२३७ जागा मिळाल्या.

हाजींची सोय हा राज्यकर्त्यांच्या कामाचा भाग फार पूर्वीपासून आहे. मुघलकाळात सुरत हे हजला निघण्याचे बंदर होते. पुढे हे स्थान मुंबईने घेतले. कोकण, दख्खन, उत्तर हिंदुस्थान, इतकेच काय मध्य आशियातूनही यात्रेकरू मुंबईत येऊन जहाजाची वाट पाहत थांबत. दलाल त्यांना लुबाडत, जहाजांत क्षमतेपेक्षा जास्त माणसे कोंबली जात आणि परतीचे पैसे संपलेले लोक मक्केजवळच्या जेद्दा बंदरात अडकून पडत. या तक्रारी वाढल्यावर ब्रिटिश सरकारने १८८६ मध्ये यात्रेकरूंच्या प्रवासाचे काम थॉमस कुक कंपनीकडे सोपवले. ही व्यवस्था काही वर्षांतच संपली, पण परतीच्या प्रवासाची हमी घेतल्याशिवाय माणसाला जहाजावर चढू देऊ नये हा विचार पुढच्या नियमांत टिकला. १९३२ मध्ये बंदरांवरच्या हज समित्यांचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५९ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने यात्रेकरूंसाठी दहा व शंभर रुपयांच्या खास हज नोटा काढल्या. मुघल लाइन या कंपनीची जहाजे मुंबई ते जेद्दा जात. समुद्रमार्गाने होणारा हज १९९५ मध्ये बंद झाला आणि तेव्हापासून सगळा प्रवास विमानाने होतो. विमानभाड्यावरचे सरकारी अनुदान दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला. सरकारने ते २०१८ मध्येच पूर्ण बंद केले. आज यात्रेकरू प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च स्वतःच हप्त्यांनी भरतो.

अर्ज समितीच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर भरावा लागतो. सोबत पासपोर्ट, छायाचित्र आणि बँक खात्याचा तपशील जोडायचा असतो. एका कुटुंबातील किंवा एकत्र जाणाऱ्या माणसांचा मिळून एक अर्ज होतो, त्याला ‘कव्हर’ म्हणतात. हा कव्हर क्रमांक अर्जापासून परतीच्या विमानापर्यंत सोबत राहतो आणि हज हाउसच्या खिडकीवर नाव विचारण्याआधी तोच विचारला जातो. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर संगणकीय सोडत काढतात, हाच ‘कुर्रा’. ज्यांचे नाव लागत नाही ते प्रतीक्षा यादीत जातात आणि कुणी माघार घेतली की यादी पुढे सरकते. ज्येष्ठ यात्रेकरू व मेहरमशिवाय, म्हणजे जवळच्या पुरुष नातेवाइकाशिवाय जाणाऱ्या स्त्रिया यांना निवडीत प्राधान्य असते. निवड झालेल्यांना वैद्यकीय तपासणी आणि मेंदुज्वराची लस आवश्यक असते. महाराष्ट्रातून मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथून हजची विमाने सुटत आली आहेत.

मेहरमशिवाय जाण्याची मुभा हा या व्यवस्थेतला अलीकडचा सर्वांत मोठा बदल मानावा लागेल. पूर्वी पती, मुलगा, भाऊ असा मेहरम सोबत असल्याशिवाय स्त्रीचा अर्ज घेतला जात नसे. विधवा, निपुत्रिक किंवा एकट्या राहणाऱ्या स्त्रीने आयुष्यभर पैसे साठवले तरी तिचा हज अडून राही. २०१८ च्या धोरणाने ४५ वर्षांवरील स्त्रियांना किमान चौघींच्या गटाने अर्ज करू दिला आणि त्यांना सोडतीतून वगळून थेट निवडले. २०२३ पासून गटाची अटही सैल झाली आणि एकटीने अर्ज करता येऊ लागला. त्या वर्षी चार हजारांहून अधिक स्त्रिया अशा रीतीने गेल्या. एवढ्या अर्जांवरून ही मागणी किती वर्षे दाबलेली होती हे कळते.

संगणकीकरण टप्प्याटप्प्याने होत गेले. आधी अर्ज ऑनलाइन झाले, मग पैसे भरणे. २०२० च्या हजची प्रक्रिया पूर्णपणे डिजिटल केल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले होते, पण साथीमुळे तो हज भारतीयांना घडलाच नाही. यात्रेकरूंच्या आरोग्याची माहिती सौदीतील भारतीय डॉक्टरांना मिळावी म्हणून ‘ई-मसीहा’ ही प्रणालीही याच काळात आखली गेली. ३ मार्च २०२४ रोजी ‘हज सुविधा’ अ‍ॅप सुरू झाले. ते गांधीनगरच्या भास्कराचार्य राष्ट्रीय अवकाश अनुप्रयोग व भू-माहितीशास्त्र संस्थेने तयार केले. या संस्थेचे मूळ काम नकाशे आणि स्थानमाहितीचे, आणि अ‍ॅपचे बळही तिथेच आहे. विमानाची वेळ, मक्केतील इमारत व खोली, सामानाचे नियम, प्रशिक्षणाचे साहित्य, तक्रार नोंदवण्याची सोय आणि संकटात मदत मागण्याचे बटण हे सगळे त्यात एका जागी मिळते. तक्रार कुणाकडे गेली आणि तिचे काय झाले हे अधिकाऱ्यांनाही दिसते.

स्थानमाहितीचे मोल मीनात गेल्यावर कळते. १९९७ च्या भीषण आगीत तिथे तीनशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर कापडी तंबूंच्या जागी आग न धरणारे पांढरे तंबू उभे राहिले. ते सगळे दिसायला सारखे असतात. जमरातला, म्हणजे सैतानाचे प्रतीक मानलेल्या खांबांना, खडे मारून परतणारा वृद्ध माणूस आपली ओळ चुकतो, भाषा येत नाही, उन्हात पाय चालत नाहीत. अशा वेळी छावणीचा नकाशा आणि मदतीची हाक देणारे बटण खरोखर जीव वाचवू शकते. मात्र फोनची बॅटरी संपली, रोमिंग बंद पडले किंवा मुळात फोन मुलाच्याच हाती असायचा, तर मनगटावरचा पट्टा आणि गळ्यातले ओळखपत्रच कामी येते. हजला जाणाऱ्यांत पहिल्यांदाच विमानात बसणारी, वयाने साठी उलटलेली माणसे मोठ्या संख्येने असतात. घरच्या तरुणांनी किंवा गावातल्या कार्यकर्त्यांनी अर्ज भरून दिला म्हणून ती तिथवर पोहोचलेली असतात. म्हणून या साधनांची परीक्षा शिबिरात व्हायला हवी आणि अ‍ॅप दाखवताना फोन यात्रेकरूच्याच हातात द्यायला हवा.

सौदीत भारताचा कारभार जेद्दा येथील वाणिज्य दूतावासातून चालतो. मक्का व मदिना येथे भारतीय हज कार्यालये उघडतात. डॉक्टर, परिचारिका व शासकीय कर्मचारी काही आठवड्यांच्या प्रतिनियुक्तीवर जातात, दवाखाने चालवतात, हरवलेल्यांना व त्यांच्या सामानाला शोधतात. मक्केत बहुतेक भारतीयांचा मुक्काम अझीझिया भागात असतो आणि तिथून हरमपर्यंत, म्हणजे काबा असलेल्या मशिदीपर्यंत, बसगाड्या धावतात. प्रत्येक राज्यातून यात्रेकरूंसोबत सेवक जातात. त्यांना पूर्वी ‘खादिमुल हुज्जाज’ म्हणत, आता राज्य हज निरीक्षक म्हणतात. २०२५ च्या धोरणात दर दीडशे यात्रेकरूंमागे एक निरीक्षक असे प्रमाण ठरले. भाषा जाणणारा, औषधाची चिठ्ठी वाचून देणारा, रात्री दार ठोठावता येईल असा माणूस म्हणजे हाच, आणि अ‍ॅपवरच्या तक्रारीला पाय फुटतात तेही बहुधा त्याच्यामुळे.

यजमान देशाचीही स्वतंत्र डिजिटल चौकट आहे. सौदी शासनाचे ‘नुसुक’ हे व्यासपीठ २०२२ मध्ये सुरू झाले. परवाने, निवास आणि छावण्यांचे करार आता त्याच्याद्वारे होतात. हजच्या काळात अधिकृत यात्रेकरूला नुसुक कार्ड जवळ ठेवावे लागते. परवान्याचे महत्त्व २०२४ च्या जूनमध्ये जगाला दिसले. मक्केत पारा ५१.८ अंशांवर गेला. मृतांची संख्या १,३०१ असल्याचे सौदी अधिकाऱ्यांनी सांगितले आणि त्यांतील ८३ टक्के लोक परवान्याविना आले होते. नोंद नसल्यामुळे त्यांना थंडगार तंबू, बस, पाणी यांपैकी हक्काचे काही नव्हते. म्हणून स्वस्त व्हिसावर हज घडवून देतो म्हणणाऱ्या दलालापासून लोकांना वाचवणे हेही शासकीय यंत्रणेचे काम ठरते.

खासगी कंपन्यांचा वाटा पूर्वी २० टक्के होता, २०२५ साठी तो ३० टक्के झाला. त्या वर्षी आठशेहून अधिक खासगी कंपन्यांना २६ एकत्रित गटांत आणले गेले, पण मीनातील छावण्यांचे करार व रकमा ठरलेल्या मुदतीत नुसुकवर पूर्ण झाल्या नाहीत. सुमारे ५२ हजार जागा धोक्यात आल्या. सरकारने मध्यस्थी केल्यावर सौदी मंत्रालयाने १० हजार जागांसाठी प्रणाली पुन्हा उघडली. पैसे भरलेल्या हजारो कुटुंबांना घरीच थांबावे लागले. समितीमार्फत अर्ज केलेल्या यात्रेकरूंचा हज मात्र पार पडला.

उमरा (मक्केची छोटी यात्रा) वर्षभर करता येतो, पण तो समितीच्या कक्षेत येत नाही. उमऱ्याचा यात्रेकरू नुसुकवरून थेट किंवा खासगी एजंटामार्फत जातो. त्याला कव्हर क्रमांक नसतो, सोबत निरीक्षक नसतो. अडचण आली तर जेद्दातील दूतावास हाच त्याचा सरकारी आधार. उमऱ्याच्या एजंटांचीही नोंदणी आणि तक्रारीची सोय हजच्या चौकटीत आणणे, हे या व्यवस्थेचे राहिलेले मोठे काम आहे.