बाजूला उभं राहून बघणारं मूलही खेळातच असतं

बालवाडीत जे मूल गप्प राहून इतरांचा खेळ बघत बसतं, ते रमलेलं नाही, हा समज फार जुना आहे. आणि चुकीचा आहे. मुलांच्या खेळाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्येच लहान मुलांच्या सामाजिक सहभागाचे सहा प्रकार मांडले. असं टक लावून बघणं हा त्यांतलाच एक.

ठोकळ्यांच्या मनोऱ्याजवळ उभ्या असलेल्या तीन वर्षांच्या मुलीकडे नीट पाहा. मनोरा डुगडुगला की तिचा श्वास अडकतो. तो कोसळला की घरंगळत आलेला ठोकळा तीच उचलून देते. ती सामीलच आहे! तिला “जा, खेळ ना” म्हणत पुढे ढकलू नका, कळवळून सांगते. तिला नावानं हाक मारा, शेजारी जागा करून द्या, ठोकळे गोळा करायची टोपली तिच्या हाती द्या.